जिप्सीच्या मागच्या दरवाज्यावर मोठी स्टेपनी : पत्रा का फाटतो आणि दुरुस्ती कुठून सुरू करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली १९९९ सालची सॉफ्ट-टॉप जिप्सी किंग आहे. मूळ २०५/७० आर १५ टायर काढून आपण २३५/७५ आर १५ टायर बसवले आणि पाचवे चाक पूर्वीच्याच ब्रॅकेटवर, मागच्या दरवाज्यावर टांगले. दीड वर्षात ब्रॅकेटच्या वरच्या दोन्ही बोल्टांभोवती पत्र्याला चिरा पडल्या. दरवाजा बंद करताना आता तो हाताने उचलावा लागतो आणि कच्च्या रस्त्यावर मागून सतत खडखड ऐकू येते. गॅरेजवाल्याने पाच मिलिमीटर जाडीची प्लेट बाहेरून वेल्ड करून देतो असे सांगितले आहे, आणि ती करून घ्यावी का, असे आपण विचारता. माझे उत्तर असे, की ती प्लेट करू नये. आपला पत्रा चाकाच्या वजनापेक्षा चाकाच्या हलण्यामुळे फाटला आहे आणि ते हलणे कुठून येते हे शोधल्याशिवाय पत्र्याला हात लावण्यात अर्थ नाही.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण त्यातूनच पुढचे सगळे समजते. मूळ टायर लोखंडी रिमसह १८ किलोच्या आसपास भरतो आणि आपला नवा टायर तशाच रिमवर २५ किलोच्या आसपास. (आपले चाक प्रत्यक्ष काट्यावर ठेवून पाहावे, कारण टायरच्या बांधणीनुसार दोन-चार किलोंचा फरक सहज पडतो.) म्हणजे वजन सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढले. पण नवे चाक रुंदही आहे, त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य पत्र्यापासून आणखी बाहेर गेला. पूर्वी तो १४ सेंटिमीटरवर असेल तर आता १६ सेंटिमीटरवर आहे असे धरा. अठरा गुणिले चौदा म्हणजे २५२, आणि पंचवीस गुणिले सोळा म्हणजे ४००. दरवाज्याला बाहेर उलथवू पाहणारा जोर अशा रीतीने जवळजवळ साठ टक्क्यांनी वाढला. हा जोर वरच्या बोल्टांना बाहेर ओढतो आणि ब्रॅकेटची खालची कड पत्र्यात दाबतो. म्हणूनच चिरा नेहमी वरच्या बोल्टांभोवती दिसतात आणि खाली फक्त दबल्याची खूण असते. आपल्या वर्णनातही नेमके तेच आहे.

वरच्या आणि खालच्या बोल्टांत १६ सेंटिमीटर अंतर धरले, तर गाडी उभी असताना वरच्या दोन बोल्टांवर मिळून अवघी २५ किलोची ओढ येते. एवढ्याने कुठलाही पत्रा फाटत नाही. पण जिप्सीला पुढेमागे दोन्हीकडे पाटे आहेत, मागे सामान नसेल तर ते फारसे दबत नाहीत, आणि मागचा दरवाजा तर मागच्या धुरीच्याही पलीकडे लोंबतो. खड्ड्यातून मागचे चाक आदळून वर येते तेव्हा ती २५ किलोची ओढ क्षणभर दुप्पट-तिप्पट होते आणि लगेच उलट दिशेनेही झुकते. गगनबावडा किंवा आंबोलीच्या घाटातून कोकणात उतरून परत येईपर्यंत असे किती हजार हेलकावे होतात याची कल्पना करावी. तार एकदा वाकवून तुटत नाही, पुढेमागे वाकवत राहिले की तुटते. आपल्या पत्र्याचे नेमके तेच झाले आहे.

आता गॅरेजवाल्याच्या प्लेटविषयी. दरवाज्याचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. त्यावर पाच मिलिमीटरची प्लेट चारही बाजूंनी सलग वेल्ड केली, की प्लेटच्या आतला भाग दगडासारखा ताठ होतो आणि सगळे वाकणे प्लेटच्या कडेला, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेने आधीच कमकुवत झालेल्या त्या एका रेषेवर येऊन साचते. सुमारे वीस वर्षांपूर्वी किनारपट्टीवरून आलेल्या एका जिप्सीला मी स्वतः अशी प्लेट लावून दिली होती आणि तेव्हा ते काम मला भक्कम वाटले होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती गाडी परत आली, तेव्हा प्लेटच्या वरच्या कडेने इकडून तिकडे सरळ रेघ मारावी तसा पत्रा उकलला होता, आणि बाहेरून लावलेल्या प्लेटमागे पाणी साचून आतला भाग गंजाने पापुद्र्यासारखा सुटला होता. पहिल्या चिरा दोन इंचांच्या होत्या. माझ्या दुरुस्तीनंतरची चीर फूटभराची झाली. त्या मालकांना दरवाजा बदलून द्यावा लागला. त्यानंतर ही पद्धत मी पूर्णपणे सोडली.

त्यामुळे काम बिजागरीपासून सुरू करावे. चाक काढून ठेवावे, दरवाजा अर्धा उघडावा आणि त्याचे मोकळे टोक दोन्ही हातांनी धरून सावकाश वर-खाली करावे. दुसऱ्या माणसाने एक बोट बिजागरीच्या सांध्यावर ठेवावे, कारण डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. सॉफ्ट-टॉप जिप्सीचा दरवाजा अर्ध्या उंचीचा असल्याने दोन बिजागऱ्या एकमेकींच्या जवळ असतात. समजा त्यांच्यात २५ सेंटिमीटर अंतर आहे आणि चाकाचा मध्य बिजागरीपासून ५० सेंटिमीटर दूर आहे. दरवाजा उघडा असताना वरच्या बिजागरीवर पंचवीस गुणिले पन्नास भागिले पंचवीस, म्हणजे ५० किलोची आडवी ओढ येते, आणि दरवाज्याचे स्वतःचे वजन त्यात धरलेलेच नाही. हार्ड-टॉप जिप्सीला पूर्ण उंचीचा दरवाजा असतो. तिथे बिजागऱ्यांमधले अंतर ६० सेंटिमीटर धरले तर तीच ओढ २१ किलोपर्यंत खाली येते. तेच चाक एका मित्राच्या हार्ड-टॉपवर वर्षानुवर्षे निर्धास्त राहते आणि आपल्या गाडीवर दीड वर्षात पत्रा फाटतो, याचे एक मोठे कारण हे आहे.

बिजागरीची पिन झिजली असेल तर नुसती नवी पिन घालून भागत नाही, कारण भोकही लंबगोल झालेले असते. लेथवाल्याकडून भोक मोठे करून गनमेटलचा बुश (भोकात बसणारे धातूचे अस्तर) बसवावा आणि त्या मापाची पिन कातून घ्यावी. बिजागरीचे बोल्ट बॉडीच्या खांबात जिथे बसतात तिथला पत्राही तपासावा, कारण तिथे आतून गंज असेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते. दरवाजा उचलून बंद करावा लागतो असे आपण लिहिले आहे. त्यावरून वरच्या बिजागरीत तरी नक्कीच खेळ आहे असे मी गाडी न पाहताही सांगू शकतो.

यानंतर लॅचची, म्हणजे दरवाजा अडकवणाऱ्या कडीची बाजू. दरवाजा बंद झाल्यावर त्याचे वजन एकट्या बिजागऱ्यांनी पेलायचे नसते. समोरच्या कडेला असलेल्या आधारावर त्याने किंचित चढून बसायचे असते आणि रबरी बफरांनी त्याला आतून दाबून धरायचे असते. पंचवीस वर्षांत ही रबरे कडक होऊन चपटी होतात, स्ट्रायकर (बॉडीवरचा, लॅच ज्यात अडकतो तो तुकडा) झिजतो, आणि मग बंद दरवाजाही लॅचमध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटर नाचत राहतो. आपल्याला ऐकू येणारी खडखड तीच आहे. वर्तमानपत्राची एक पट्टी बफर आणि दरवाजा यांच्यामध्ये धरून दरवाजा बंद करावा आणि पट्टी ओढून पाहावी. ती फाटेल इतकी घट्ट बसली पाहिजे. सहज सरकून बाहेर आली तर तिथे दाब नाही. प्रत्येक बफरापाशी ही परीक्षा करावी, मग रबरे बदलून स्ट्रायकर आत सरकवावा. या कामाला खर्च फार थोडा येतो, आणि माझ्या अनुभवात निम्म्या गाड्यांची खडखड इथेच थांबते.

हे झाल्यावरच पत्र्याकडे वळावे. दरवाजा गाडीवरून उतरवून सपाट बाकावर घ्यावा. चिरेचे खरे टोक रंगाखाली लपलेले असते, म्हणून रंग खरवडून पत्रा उघडा करावा, त्यावर रॉकेल लावून पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने नीट पुसावे आणि वरून पांढरा खडू घासावा. चिरेत शिरलेले रॉकेल खडू ओला करते आणि केसासारखी बारीक काळसर रेघ उमटते. ती जिथे संपते तिथे, किंबहुना तिच्या किंचित पुढे, तीन मिलिमीटरचे भोक पाडावे. चिरेच्या टोकदार अग्रावर ताण एकवटतो आणि ते पुढे सरकत राहते, गोल भोकात तो ताण पसरतो. हे भोक न पाडता वरून वेल्डिंग केले, तर चीर वेल्डिंगखालून पुढे निघते.

वेल्डिंग सीओटू यंत्रानेच (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात बारीक तारेने जोडणाऱ्या) करावे, तेही बोटाच्या पेराएवढे टाके घालून, मध्ये थांबून, पत्रा हात लावण्याइतका निवू देऊन. आर्क वेल्डिंगने हा पत्रा जळतो आणि गॅसने वाकडा होतो. दरवाजा उतरवणे शक्य नसेल आणि गाडी एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शनची) असेल, तर बॅटरीची ऋण तार आधी सोडावी आणि वेल्डिंगची अर्थिंगची तार दरवाज्यावरच लावावी, जेणेकरून प्रवाह नव्या बुशांमधून जाणार नाही.

मजबुतीची पट्टी आतून लावायची, आणि तिचे काम पत्र्याला जाड करण्याचे नसून चाकाचा भार थेट बिजागऱ्यांपर्यंत नेण्याचे आहे. दोन ते अडीच मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची एक लांबट पट्टी घ्यावी, जी ब्रॅकेटच्या सगळ्या बोल्टांखालून जाईल आणि बिजागरीच्या बोल्टांपर्यंत पोचून त्याच बोल्टांमध्ये धरली जाईल. तिचे कोपरे गोल करावेत आणि लॅचकडचे टोक निमुळते ठेवावे, म्हणजे ताठपणा एकदम न संपता हळूहळू कमी होतो. ही पट्टी वेल्ड करू नये. बोल्टांनी आवळावी आणि पत्रा व पट्टी यांच्यामध्ये बॉडी सीलंटचा पातळ थर द्यावा. तो पाणी अडवतो आणि दोन पत्रे एकमेकांवर घासून आवाज करत नाहीत.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते, म्हणून ती सविस्तर सांगतो. दरवाजा दोन पत्र्यांचा आहे, बाहेरचा आणि आतला, आणि मध्ये पोकळी आहे. लांब बोल्ट दोन्ही पत्र्यांमधून आरपार घालून आवळला, की पत्रे एकमेकांकडे दबतात, खळगा पडतो आणि बोल्ट कधीच खऱ्या अर्थाने घट्ट होत नाही. आठवड्याभरात तो पुन्हा ढिला झालेला सापडतो. म्हणून प्रत्येक बोल्टासाठी पोकळीच्या अचूक मापाची लोखंडी नळी कापून घ्यावी आणि बोल्ट तिच्या आतून न्यावा. नळ्यांची टोके लेथवर चौरस कापून घ्यावीत, हॅकसॉने कापलेले तिरके टोक एका बाजूनेच टेकते. दोन नळ्यांच्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी ब्रॅकेट तिरपे बसते आणि ते चाक लावल्यावर डोळ्याला स्पष्ट दिसते. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला आहे याची खात्री करावी, बिनआकड्याचे मऊ बोल्ट इथे चालत नाहीत. दहा मिलिमीटरचा बोल्ट साधारण ४५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा, वर नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज ढिला न होणारा) नट आणि खाली मोठा जाड वॉशर असावा.

आता चाकाची जागा. मूळ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर येतो आणि नव्याचा सुमारे ७३३. ब्रॅकेट जुन्याच जागी ठेवले तर चाक खालच्या बाजूला ३२-३३ मिलिमीटर अधिक उतरते. ते बंपरला टेकत असेल तर दर धक्क्याला बंपर चाकाला वर ढकलतो आणि तो धक्का थेट ब्रॅकेटच्या बोल्टांवर जातो. टायरच्या खालच्या कडेवर बंपराच्या रंगाची खूण आहे का ते आजच पाहावे. असेल तर चाकाचा मध्य तेवढा वर घ्यावा. त्याहून वर मात्र नेऊ नये, कारण मागचे दिसत नाही आणि दरवाजा अधिक हेलकावतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे चाक फक्त मधल्या नटांवर लटकलेले राहू नये. टायरच्या बाजूच्या भिंतीला टेकतील असे दोन रबरी ठोकळे दरवाज्यावर, मध्यापासून शक्य तितके लांब, एक खाली डावीकडे आणि एक खाली उजवीकडे बसवावेत, आणि त्यांच्याही मागे आतून पट्टी द्यावी. ठोकळ्यांची उंची अशी ठेवावी, की चाकाचे नट पूर्ण आवळल्यावर टायर त्यांच्यावर पाच ते आठ मिलिमीटर दाबला जाईल. हवा भरलेला टायर हीच मग स्प्रिंग होते, चाक आणि दरवाजा एकजीव हलतात आणि पत्र्याचे स्वतंत्र फडफडणे थांबते. मी केलेल्या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये आयुष्य सर्वांत जास्त वाढवणारी गोष्ट कोणती असे विचारले तर मी या दोन ठोकळ्यांचे नाव घेईन. यातून एक जबाबदारीही येते. स्टेपनीतली हवा कमी झाली की हा दाब जातो आणि हलणे पुन्हा सुरू होते, म्हणून महिन्यातून एकदा हवा पाहावी.

बंपरवर किंवा चॅसिसवर वेगळा फिरता आर्म बसवून दरवाज्याला पूर्ण मोकळे करावे का, असेही आपण विचारले आहे. तत्त्वतः तो उत्तम मार्ग आहे, कारण भार पत्र्यावर येतच नाही. पण तो नीट करायचा तर आर्म ज्यावर फिरतो तो खुंटा मागच्या क्रॉस मेंबरला (चॅसिसच्या आडव्या तुळईला) बांधलेला हवा, त्यात टेपर रोलर बेअरिंगची जोडी हवी, बंद झाल्यावर आर्मचे टोक उतरत्या आधारावर चढून बसायला हवे आणि लॅच त्याला ओढून धरणारा हवा. ५० बाय ५० बाय ३ मिलिमीटरचा चौकोनी पाइप मीटरला सव्वाचार किलोच्या वर भरतो. खुंटा, बेअरिंग, लॅच आणि आधार धरून गाडीच्या शेपटीला पंधरा-वीस किलो सहज वाढतात. शिवाय असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकतो, म्हणून आधी आरटीओत विचारून घ्यावे. कोणत्याही पद्धतीत मागचे दिवे आणि नंबर प्लेट मोठ्या चाकामागे झाकली जाता कामा नये, हे तर उघडच आहे. आपला वापर महिन्यातून एक-दोन सह्याद्रीतल्या फेऱ्या आणि अधूनमधून कोकण असा आहे. त्यासाठी आर्मची गरज मला दिसत नाही. ताडोब्यातल्या सफारीच्या जिप्सींसारखी रोज कच्च्यावर चालणारी गाडी असती, किंवा टायर याहून मोठा असता, तर माझे उत्तर वेगळे असते.

आपल्या मित्राच्या जुन्या महिंद्रा जीपविषयी एक वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, त्याचे उत्तर मात्र ठामपणे देतो. साखळ्यांवर खाली पडणाऱ्या फाळक्यावर स्टेपनी लावू नये. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मागे फाळका नव्हता, मागची भिंत बंद होती आणि चाक तिच्यावर होते. १९४५ साली नागरी सीजे-२ए आली, तिला खाली उघडणारा फाळका दिला आणि त्याच वेळी चाक उजव्या कुशीवर नेले. ज्यांनी ती गाडी बनवली त्यांनीच हा निर्णय घेतला होता. आपल्या मित्राने चाक कुशीवरच ठेवावे. तिथल्या पत्र्यालाही आतून पट्टी लागतेच.

स्टेपनीवर आणखी भार टांगण्याचा मोह टाळावा. पाण्याचा वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, आणि तोही चाकाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पत्र्यापासून सर्वांत दूर. वर केलेला सगळा हिशेब त्या एका कॅनने मोडतो. कॅन मागच्या सीटमागे, खाली बांधून ठेवावा.

दरवाजा पुन्हा बसवण्यापूर्वी त्याच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोके तारेने मोकळी करावीत. बहुतेक जुन्या जिप्सींमध्ये ती चिखलाने बुजलेली असतात आणि दरवाजा आतून पाण्याने भरलेला असतो. नव्या वेल्डिंगवर दोन्ही बाजूंनी प्रायमर द्यावा आणि पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारे मेण) फवारावे. खाऱ्या हवेत जाणाऱ्या गाडीला हे दर दोन वर्षांनी करावे लागते.

सगळे बसवून झाल्यावर प्रत्येक नटावरून पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढावी. पाचशे किलोमीटर चालल्यावर पाहावे. रेघ तुटून सरकलेली दिसली तर तो बोल्ट ढिला होतो आहे, त्याच्या नळीची लांबी पुन्हा मोजावी. चाकाचे नट मात्र पहिल्या शंभर किलोमीटरनंतरच एकदा आवळावेत, कारण नवे रबरी ठोकळे तेवढ्यात बसके होतात.